महादेवबाबा : ठगाची गोष्ट लिहिणारा साहेब



महिन्याभरापूर्वीची गोष्ट. आमची सातवीतली कन्या इंग्रजीचा धडा वाचत होती. त्यात एक शब्द आला आणि तिने तो 'थग' असा वाचला. अर्थ विचारला तर म्हणाली, गुंड. मी तिला सांगितले की हा शब्द इंग्रजांचा नाही, आपला आहे. आपला 'ठग'. मराठीत त्याचेच भाऊबंद म्हणजे ठक, ठकवणे आणि 'ठकास महाठक' ही म्हण. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ झाकणे, लपवणे असा आहे. तिचा विश्वास बसेना. मग आमचा हा शब्द इंग्लंडला गेला कसा, असे तिने विचारले.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर सरकारी अहवालांत आहे आणि अर्धे एका कादंबरीत. ती कादंबरी लिहिणारा माणूस आज ज्याला आपण धाराशिव, हिंगोली आणि बुलढाणा जिल्हे म्हणतो तिथे पोलीस अधिकारी, मुलकी अधिकारी आणि न्यायाधीश म्हणून राहिला होता. म्हणून या अंकात त्याची ओळख करून देत आहे. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरचा जन्म 25 सप्टेंबर 1808 रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. घरची परिस्थिती पुढे ओढगस्तीची झाली आणि 1824 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला मुंबईच्या जहाजावर बसवून देण्यात आले. मुंबईत बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करायची आणि सज्ञान झाल्यावर पेढीत भागीदार व्हायचे, असे ठरले होते. मुलगा मुंबईला पोहोचला तेव्हा कळले की पेढी कर्जात बुडालेली आहे आणि भागीदारीची गोष्ट पोकळ आहे.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीसाठी समुद्र ओलांडून इथे आलो आहोत. येण्याआधी हातात कागद होते, पगाराचा आकडा ठाऊक होता, विमानतळावर घ्यायला कोणीतरी आले होते. या मुलाजवळ यातले काही नव्हते. सुदैवाने मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे त्याच्या घरच्यांच्या नात्यातले होते. त्यांच्या खटपटीने नोव्हेंबर 1824 मध्ये त्याला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, रुजू झाला. एक गोष्ट लक्षात ठेवा. तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर नव्हता, निजामाचा नोकर होता. त्यामुळे बढती, पेन्शन आणि मान या तिन्ही बाबतींत तो कंपनीच्या अधिकाऱ्यांपेक्षा कायम एक पायरी खाली राहिला.

शाळा लहानपणीच सुटली होती. मग त्याने स्वतःच स्वतःला शिकवले. हिंदुस्तानी शिकला, फारसी शिकला, मराठी शिकला. कायदा, जमिनीची मोजणी, भूगर्भशास्त्र, चित्रकला हे सगळे त्याने नोकरी करता करता मिळवले. दर शुक्रवारी सकाळी मराठीच्या वर्गाला निघताना ज्यांचे पोट दुखते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की या मुलाला वर्गही नव्हता आणि शनिवारी सुट्टीही नव्हती. भाषा आली नसती तर त्याची नोकरी चालली नसती. लोक काय सांगतात ते दुभाष्यामार्फत ऐकायचे नाही, स्वतः ऐकायचे, हा त्याचा हट्ट होता.

याच जोरावर विशीच्या आतबाहेर असतानाच त्याला निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलीस खात्याचा साहाय्यक अधिकारी नेमले. तुळजापूरच्या आसपासचा हा मुलूख. भवानीच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू, सोलापूरकडे जाणारे बैलांचे तांडे, व्यापारी आणि रजेवर घरी निघालेले शिपाई अशी या रस्त्यांवर सतत वर्दळ असे. आणि या रस्त्यांवर माणसे नाहीशी होत होती. कधी एखादे प्रेत सापडे. त्याच्यावर घाव नसे, रक्त नसे, ओळख पटत नसे. टेलरला संशय आला. त्याने चौकशी सुरू केली. पण धागा हाती लागायच्या आतच त्याला परत फौजेत बोलावले गेले आणि तपास तिथेच थांबला. आणखी थोडा काळ तिथे राहिलो असतो तर ठगांचे जाळे मीच प्रथम उघडकीला आणले असते, ही चुटपुट त्याला जन्मभर लागून राहिली.

तो मान मिळाला मध्य हिंदुस्थानात काम करणाऱ्या विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याला. 1830 नंतर स्लीमनने पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केले. त्यांनी आपल्या साथीदारांची नावे सांगितली, पुरलेली प्रेते दाखवली आणि एका टोळीतून दुसरी टोळी सापडत गेली.

ठगांची पद्धत अशी असे. ते साध्या प्रवाशांच्या वेषात निघत. वाटेत एखादा तांडा गाठून ओळख करीत. रस्ता चोरांचा आहे, आपण सोबतीने जाऊ, असे म्हणत. चार-आठ दिवस एकत्र जेवत, गप्पा मारत. मग ठरलेल्या जागी, ठरलेल्या इशाऱ्यावर, प्रत्येक प्रवाशाच्या गळ्याभोवती एकदम रुमाल आवळला जाई. खड्डे आधीच खणून तयार असत. दक्षिणेत त्यांना फांसीगार म्हणत. मागे साक्षीदार उरत नसे, आणि माणूस बेपत्ता झाल्याचे घरी कळायलाच कित्येक महिने जात.

1832 च्या सुमारास टेलर हिंगोलीच्या छावणीत होता. तिथे हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतले साहेब लोक त्याच्याकडून माल घेत. टेलरनेही घेतला होता. हा हरीसिंग ठगांचा जमादार निघाला! त्याने केलेल्या एका खुनाची हकीकत टेलरने आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे. जवळच्या गावचा एक व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे, हे हरीसिंगला कळले. त्याने काय करावे? जिल्ह्याचा कारभार पाहणारे कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे जाऊन मुंबईहून कापड आणण्याचा रीतसर परवाना काढला. मग वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले, आणि तोच माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणून छावणीत उघडपणे विकला. पकडल्यावर त्यानेच हे सांगितले नसते तर कोणाला कधीच कळले नसते.

विचार करा. तपास करणारा अधिकारी, परवाना देणारा अधिकारी आणि खुनी हे तिघे एकाच बाजारात रोज भेटत होते. मला वाटते टेलरच्या कादंबरीचे बीज इथे आहे. गुन्हेगार हा अंधारात दात विचकणारा राक्षस असता तर त्याला ओळखणे सोपे होते. तो तर हसून कापड मोजून देत होता.

पुढे टेलरची प्रकृती बिघडली आणि रजेवर इंग्लंडला असताना, 1839 साली, त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी तीन भागांत लंडनला प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरिया राणीने छपाई चालू असतानाच तिची पाने मागवून घेतली होती, असे टेलरने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुस्तक हातोहात खपले. हे वर्ष ध्यानात ठेवा. अमेरिकेतील एडगर ॲलन पो याची पहिली गुप्तहेरकथा 1841 ची आणि शेरलॉक होम्सची पहिली गोष्ट 1887 ची. आमच्या वडिलांच्या पिढीने ज्यांच्यावर उड्या मारल्या ते बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. म्हणजे गुप्तहेरकथांचे युग सुरू होण्याआधीच आपल्या मराठवाड्यातल्या रस्त्यांवरची गुन्हेकथा लंडनमध्ये वाचली जात होती.

कादंबरीची रचना साधी आहे. तुरुंगात अमीर अली नावाचा ठग बसला आहे. तो माफीचा साक्षीदार झालेला आहे आणि एका साहेबाला आपली जन्मकथा सांगतो आहे. त्याने 719 माणसे मारण्यात भाग घेतला आहे. तो लहान असताना ठगांनी त्याच्या आईवडिलांना मारले आणि त्यांच्याच एका म्होरक्याने त्याला मुलगा म्हणून वाढवले. हे त्याला ठाऊक नाही. तो रुबाबदार आहे, बोलण्यात गोड आहे, बायकामुलांवर जीव लावणारा आहे. वाचता वाचता तो आपल्याला आवडू लागतो. आणि मग तो ज्या थंडपणे पुढच्या खुनाचे वर्णन करतो त्याने अंगावर काटा येतो. शेवटी त्याला कळते की आपण मारलेल्या एका स्त्रीच्या रूपाने आपण आपल्या सख्ख्या बहिणीचाच गळा आवळला होता.

यातला अमीर अली संपूर्ण काल्पनिक नाही. अशा साक्षीदारांच्या जबान्या टेलरने ऐकल्या होत्या. कथेतला बराचसा भाग खरा असून तो जोडण्यापुरतीच कल्पना वापरली आहे, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. कचेरीत जबानी लिहून घेणारा अधिकारी तारीख, ठिकाण, मयताचे नाव आणि मालाची किंमत लिहितो. ते लिहावेच लागते. पण समोरचा माणूस असा का झाला हे त्या कागदात येत नाही. टेलरने उरलेला कागद कादंबरीत लिहिला, असे म्हणता येईल.

इथे माझ्या मुलीने मला अडवले. 719 माणसे मारल्याचे जो स्वतः कबूल करतो त्याला फाशी नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्यांना फाशी? हा कसला न्याय?

प्रश्न बिनतोड आहे. टेलरने दिलेले आकडे पाहा. 1831 ते 1837 या काळात पकडलेल्या 3266 जणांपैकी 412 जणांना फाशी झाली, 1059 जणांना काळ्या पाण्यावर पाठवले आणि 483 जण माफीचे साक्षीदार झाले. 1836 साली सरकारने नवा कायदा केला. त्यानुसार ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले, की विशिष्ट खून सिद्ध झाला नाही तरी जन्मठेप देता येऊ लागली. आणि टोळीत असल्याचे सिद्ध कोण करणार? मुख्यतः माफीचा साक्षीदार. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी तो कोणाचेही नाव घेऊ शकतो. जुने वैर काढू शकतो. दुसऱ्या बाजूला, सगळे साक्षीदार जमिनीत पुरले गेले असताना आतल्या माणसाशिवाय सांगणार तरी कोण? म्हणून स्लीमन आणि त्याचे सहकारी एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहत आणि दाखवलेली जागा खणून खात्री करीत. पण प्रत्येक वेळी असे झाले असेलच असे नाही.

आज इतिहासकारांत यावर मोठा वाद आहे. देवीची दीक्षा घेतलेला, देशभर पसरलेला ठगांचा एकच गुप्त पंथ होता, हे चित्र इंग्रज अधिकाऱ्यांनी फुगवले आणि त्यात अनेक साधे दरोडेखोर आणि भटके लोकही भरडले गेले, असे काही जण मानतात. ते चित्र पक्के करण्यात टेलरच्या कादंबरीचाही वाटा आहे. कथा जितकी चांगली, तितका तिच्यावर विश्वास बसतो. मी पेशाने संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा. तिथे यंत्राने स्वतःबद्दल लिहून ठेवलेल्या नोंदीवरसुद्धा आम्ही एकदम विश्वास ठेवत नाही, दुसऱ्या नोंदीशी ताडतो. माणसाच्या गळ्याशी गाठ असताना तर ते किती जरूर! 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातही हीच ओढाताण होती. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देणे बेकायदा नाही, असे एक कलम सांगे, तर दुजोरा नसेल तर असा साक्षीदार विश्वासाला अपात्र समजता येईल, असे दुसरे सांगे.

टेलर 1840 मध्ये परत आला. लवकरच त्याला आजच्या कर्नाटकातील सुरपूर, तेव्हाचे शोरापूर, या संस्थानाचा कारभार पाहायला पाठवले. राजा व्यंकटप्पा नायक लहान मुलगा होता. टेलरने तिथे 1853 पर्यंत राहून न्यायनिवाडा केला, रस्ते आणि तलाव बांधले, वसुलीची घडी बसवली. हाताखाली एकही गोरा मदतनीस नव्हता आणि इंजिनियरिंगची पदवी तर सोडाच, शाळेचा दाखलाही नव्हता. पत्नी मेरी 1844 साली वारली. दोन मुली दूर इंग्लंडमध्ये वाढत होत्या. इथे या पोरक्या राजाला तो घोड्यावर बसायला आणि कागद वाचायला शिकवत होता. मुलगा त्याला आप्पा म्हणे. लोकांनी मेडोज या अवघड नावाचे महादेव केले आणि साहेब 'महादेवबाबा' झाला.

1853 साली राजा सज्ञान झाला आणि टेलर नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आला. मुलकी, दिवाणी आणि फौजदारी असे तिन्ही अधिकार त्याच्या हाती होते. इथे त्याने जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू केली. 1857 मध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवले. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता आणि टेलरजवळ गोरी पलटण नव्हती. लोकांचा विश्वास एवढीच शिबंदी. जिल्हा शांत राहिला.

पण शोरापूर शांत राहिले नाही. 1858 च्या फेब्रुवारीत तरुण राजाने बंड केले. ते मोडले गेले, राजा हैदराबादला पळाला आणि पकडला गेला. लष्करी न्यायालयापुढे खटला चालून फाशीची शिक्षा झाली. टेलर त्याला तुरुंगात भेटला. जन्मभर परक्यांच्या जबान्या ऐकणाऱ्या माणसासमोर आता स्वतः वाढवलेला मुलगा बसला होता. मला चोरासारखे फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढेच राजाचे मागणे होते. पुढे शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. ती भोगल्यावर राज्य परत मिळण्याचीही आशा होती. मद्रासजवळच्या चेंगलपटला नेत असताना वाटेतल्या मुक्कामी, बरोबरच्या अधिकाऱ्याचे पिस्तूल त्याच्या हाती आले आणि गोळी सुटून त्याचा अंत झाला. अपघात की आत्महत्या, याचा निर्णय लागला नाही.

इंग्रजांच्या दृष्टीने तो बंडखोर होता. आपल्या दृष्टीने तो 1857 च्या लढ्यातला वीर आहे. टेलरच्या दृष्टीने तो काय होता? आत्मचरित्रातली ती पाने वाचताना जाणवते की त्याला एका शब्दात उत्तर देता आले नाही. तो इंग्रजी राज्याचा माणूस होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. पण मुलाला अपराधी म्हणून हातावेगळे करणे त्याला जमले नाही.

1860 साली प्रकृतीने साथ सोडली आणि टेलर निवृत्त होऊन मायदेशी गेला. मेंदूच्या विकाराने काही काळ त्याला काहीच सुचत नसे. बरा झाल्यावर त्याने पुन्हा लेखणी धरली. 1863 ची 'तारा' ही कादंबरी तुळजापुरात घडते. तिची नायिका तिथल्या एका ब्राह्मणाची विधवा मुलगी आहे आणि काळ आहे शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीचा. आपण वर्गात शिकलेली गोष्ट तिच्यात बऱ्याच वेगळ्या बाजूने दिसते, म्हणून मोठ्या मुलांनी ती आईबाबांबरोबर वाचावी. पुढे 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता' आल्या. 1875 मध्ये दृष्टी गेली. उबदार हवेसाठी तो पुन्हा हिंदुस्थानात आला, तिथे तापाने आजारी पडला, आणि परतीच्या वाटेवर 13 मे 1876 रोजी फ्रान्समधील मांतों येथे वारला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने प्रसिद्ध केले.

आपल्या बहरीनमध्येही याच वळणाचा एक साहेब होऊन गेला. 1926 ते 1957 या काळात इथल्या राज्यकर्त्यांचे सल्लागार असलेले चार्ल्स बेलग्रेव्ह न्यायालयातही बसत, आणि निवृत्तीनंतर त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले. परक्या मुलखात न्यायाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पाहिलेले आणि ऐकलेले कुठेतरी लिहून ठेवावेसे वाटत असावे.

सुट्टीत गावी गेलात आणि तुळजापूरला दर्शनाला जाणार असाल तर तसेच पुढे नळदुर्गला जा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. बोरी नदीवरचा बांध आणि त्यातला पाणीमहाल पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो. महादेवबाबा याच किल्ल्याच्या गावी राहून फिर्यादी ऐकत होता.

आणि हो, माझ्या मुलीच्या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. माफीच्या साक्षीदाराला सोडावे की नाही, यावर पुढच्या शुक्रवारी वर्गात वाद घालू या. अर्ध्या मुलांनी एक बाजू घ्यावी, अर्ध्यांनी दुसरी. न्यायाधीश म्हणून आजी-आजोबांपैकी कोणीतरी बसावे. अट एकच, सगळे मराठीत बोलायचे!